परिशिष्टातला लेख क्रमांक सदतीस

तीर्थस्वरूप (आणि परवापासून नोटीसस्वरूप) भाऊजींना,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तिकडची खुशाली ताईकडून कळत असते, त्यामुळे विचारायची खरं तर गरज नाही, पण पत्राची रीत मोडू नये म्हणून विचारतो. तुमचे गुडघे कसे आहेत? ताई सांगत होती, हल्ली पाचव्या मजल्यावरच्या ऑफिसात तुम्ही जिन्याने जाता, मधे दोनदा टेकता आणि वर पोचल्यावर अर्धा तास कोणाशी बोलत नाही. (बाहेर बसलेल्या अशिलांना वाटतं, वकीलसाहेब मुद्दा घोळवताहेत.) डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितलाय, इमारतीत लिफ्ट आहे, ती 'पूर्णपणे सुरक्षित' असल्याची छापील पाटी तिच्या दाराशी लावलेली आहे, तरी तुम्ही जिनाच चढता. या वयात व्यायामाची एवढी गोडी लागलेला माणूस आमच्या नात्यात दुसरा नाही. मलम लावत चला.

तर, आपली नोटीस पावली. पोस्टमन ती हातातून नाही, खांद्यावरून घेऊन आला. नोटीस चार पानांची आणि तिचं परिशिष्ट 'अ' सहाशे एकोणीस पानांचं. गठ्ठा टेबलावर टाकून त्याने माझी सही घेतली, पाणी मागितलं आणि 'काही वाईट नाही ना?' असं विचारलं. पाकिटावर तुमचा पत्ता बघून मला वाटलं होतं, रविवारी जेवायला आलो तेव्हा तुमच्या दाराआड राहिलेली छत्री तुम्ही पाठवली असेल. (ती अजून तिथेच आहे. काळी, एक काडी वाकलेली.) उघडून बघतो तर आत मीच! नोटिशीत तेरा ठिकाणी माझा उल्लेख 'सदर इसम' असा केलेला आहे. तुम्ही तीनदा घर बदललंत तेव्हा तुमचं लोखंडी कपाट ज्याच्या पाठीवरून गेलं, तो सदर इसम. नोटिशीवर तारीख रविवारचीच आहे. म्हणजे दुपारी तुम्ही मला आग्रह करकरून वाढलंत, मी बाहेरच्या खोलीत सुस्तावून घोरत पडलो, आणि तेवढ्यात आतल्या खोलीत बसून तुम्ही माझा इसम केलात. माझी तक्रार नाही. भरल्या पोटी नोटीस देणं हा मोठेपणाच आहे, उपाशीपोटी कितीतरी जणांना मिळते.

मला तुमची एक गोष्ट मात्र फार आवडली. सहाशे तेवीस पानं, आणि एकूण एक पानाच्या उजव्या कोपऱ्यात तुमची सही आणि खाली तुमचा गोल शिक्का! एक पान सुटलेलं नाही, मी मोजून पाहिलं. ही तुमची शिस्त जुनीच आहे. ताई सांगते, किराण्याची यादी दोन पानांची झाली तर तुम्ही त्या दोन्ही पानांवर सही करून मग दुकानात पाठवता. (मागच्या महिन्यात तिने दुसऱ्या पानावर साबणाच्या खाली 'घरमालकास अक्कल, अर्धा किलो' असं लिहून पाहिलं. सही झाली. दुकानदाराने 'शिल्लक नाही' असं लिहून यादी परत पाठवली.)

आता आरोपाकडे वळतो. कलम दोन म्हणतं, सदर इसमाने आमच्या अशिलाच्या, म्हणजे तुमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असलेल्या त्या नामांकित दैनिकाच्या, संकेतस्थळावरचे चारशे बारा लेख विनापरवाना पूर्णच्या पूर्ण उतरवून घेतले आणि तो ज्याचा ग्रंथपाल आहे त्या वाचनालयाच्या वेबपानावर ठेवले. सबब कॉपीराइटचा भंग झाला. सबब पंधरा दिवसांत सगळे काढून टाकावेत. भाऊजी, आरोप खरा आहे. मी चोर आहे. फक्त हा चोर चोरलेल्या प्रत्येक वस्तूवर तारीख, वेळ आणि स्वतःच्या वाचनालयाचा शिक्का मारून ती दाराशी मांडून ठेवतो, एवढंच. चोरीला लागलो कसा ते सांगतो. जरा लांबेल, पण तुमच्या सहाशे तेवीस पानांपुढे हे काहीच नाही.

दैनिकाने कागदावर छापणं बंद केलं ते साल तुम्हाला आठवत असेल. त्याआधी आमचं काम सोपं होतं. अंक यायचा, काठीला लागायचा, दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यात जायचा आणि वर्षाअखेरी बांधणी होऊन कपाटात बसायचा. वीस वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीला तडा गेला तेव्हा कोण काय म्हणालं होतं, हे बघायला लोक यायचे, बघायचे, आणि जो तसं म्हणाला होता त्याच्याकडे तावातावाने निघून जायचे. सगळं 'ऑनलाइन' झाल्यावर मी विचार केला, आता जागाही वाचली आणि वाळवीही टळली. मी एक दोनशे पानी वही आणली आणि रोजच्या महत्त्वाच्या बातम्यांच्या लिंका तिच्यात हाताने उतरवायला लागलो. हसू नका. निळ्या शाईने, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता. एका लिंकेत सत्तर-ऐंशी अक्षरं, मधे आडव्या-तिरप्या रेघा आणि टिंबं. दोन वर्षांत एकवीसशे लिंका झाल्या. बोटाला घट्टा पडला. बायको म्हणायची, एवढ्या वेळात माणूस एखादी भाषा शिकला असता.

मग एका सोमवारी दैनिकाने संकेतस्थळाचं रूप पालटलं. नव्या रूपात माझ्या एकवीसशेच्या एकवीसशे लिंका एकाच ठिकाणी जायला लागल्या. तिथे एक बाई खळखळून हसतेय आणि खाली लिहिलंय, 'अरेच्चा! तुम्ही शोधताय ते पान इथे नाही.' मी पहिली लिंक उघडली, बाई हसली. दहावी उघडली, हसली. पुराच्या वर्षीची उघडली, तरी हसलीच. संध्याकाळपर्यंत मी चारशे वेळा तिचं हसू पाहिलं आणि वही मिटली. दैनिकाला पत्र लिहून विचारलं की जुन्या बातम्या गेल्या कुठे. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' चार पत्रं पाठवली, चारही वेळा माझा अभिप्राय तेवढाच मोलाचा निघाला.

तेव्हापासून मी नुसता पत्ता ठेवायचं सोडून अख्खी बातमीच ठेवायला लागलो. पान छापायचं, त्यावर वाचनालयाचा शिक्का मारायचा, शिक्क्याखाली तारीख आणि घड्याळ बघून वेळ लिहायची, स्कॅन करायचं आणि सभासदांसाठी आमच्या वेबपानावर ठेवायचं. वेळ लिहायची सवय आपोआप लागली, कारण लवकरच लक्षात आलं की कागदावरची बातमी एकदा छापली की छापली, पण ही मंडळी दिवसभर तिचे केस विंचरत बसतात. सकाळी 'आठ जखमी' असतं, दुपारी 'काही जखमी' होतं, संध्याकाळी 'सर्व सुखरूप'. लिंक तीच, मथळा तोच, आणि बदल केल्याची एक ओळसुद्धा कुठे नाही.

अशी साताठशे पानं झाल्यावर दैनिकाच्या 'हक्क विभागा'चं पहिलं पत्र आलं. (तेव्हा तुम्ही नव्हता, त्यामुळे भाषा सौम्य होती.) संपूर्ण मजकूर ठेवता येणार नाही, फक्त 'रास्त वापर' करता येईल, असं त्यांचं म्हणणं. मी कायद्याला मानणारा माणूस आहे, घरात वकील असल्यावर मानावंच लागतं. रास्त म्हणजे किती, हे मी तीन पुस्तकांत शोधलं. तिन्ही पुस्तकं म्हणतात की ते परिस्थितीवर अवलंबून आहे. कशासाठी घेतलं, किती घेतलं, त्याने मालकाचा धंदा बुडतो का, हे बघायचं. थोडा उतारा घ्यावा, हे बरं. म्हणून मी जुना सगळा साठा बंद करून नव्याने सुरुवात केली आणि प्रत्येक बातमीच्या पहिल्या तीनच ओळी ठेवायला लागलो. आठवड्याने एक निवृत्त मुख्याध्यापिका चष्मा कपाळावर चढवून माझ्या टेबलाशी आल्या. बातमी होती बाजारातल्या आगीची आणि तिसरी ओळ संपत होती 'अग्निशमन दलाने शर्थ केली, परंतु अखेर' या शब्दांवर. अखेर काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बाई, कायद्याने इथवरच सांगता येतं. त्यांचा भाचा त्या दलात आहे. त्यांनी मला शाळेतल्यासारखं उभं करून जे काय सुनावलं, ते इथे लिहिणं रास्त वापरात बसणार नाही. (भाचा ठीक आहे.)

मग स्वतःच्या शब्दांत सारांश लिहून पाहिला. त्यात अडचण अशी झाली की तो लोकांना आवडायला लागला. सभासद म्हणाले, मूळ बातमीपेक्षा हे बरं, निदान कर्ता-कर्म सापडतं. म्हणजे मालकाचा धंदा बुडवल्याचं पाप माझ्या माथी! तेही सोडलं. शेवटी तिसऱ्या पुस्तकात एक पळवाट, म्हणजे तुमच्या भाषेत तरतूद, सापडली: टीका किंवा समीक्षा करायची असेल तर मजकूर घेता येतो, आणि समीक्षेला लागेल तितका घ्यावा. मला लागतो सगळा. त्या दिवसापासून मी पुन्हा पूर्ण बातमी ठेवायला लागलो आणि प्रत्येक बातमीखाली मनापासून समीक्षा लिहायला लागलो. 'बरी आहे.' 'उगाच लांबवली.' 'हा आकडा काल वेगळा होता.' आपल्या परिशिष्टातल्या चारशे बारा लेखांखाली माझ्या चारशे बारा समीक्षा आहेत, त्यांतल्या तीनशे अकरांचा मजकूर 'बरी आहे' असा आहे. वाङ्मयाच्या इतिहासात याहून सातत्य असलेला समीक्षक दाखवा.

आता ज्या लेखामुळे हे सगळं उद्भवलं त्याच्याकडे येतो. तुमच्या इमारतीतली लिफ्ट तीन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरून सुटली आणि तळाशी आदळली, हे तुम्हाला मी सांगायला नको. आवाज ऐकून तुम्हीच सगळ्यात आधी बाहेर आला होता असं म्हणतात. आत दोघं होते. एकाचा पाय मोडला, दुसऱ्याचे पुढचे दात गेले. साडेनऊच्या सुमाराला दैनिकाच्या संकेतस्थळावर बातमी आली. तिच्यात एक परिच्छेद होता: लिफ्टचा दोर झिजलाय, तो बदला, अशी तीन पत्रं मेकॅनिकने इमारतीच्या व्यवस्थापकाला दिली होती, आणि खुद्द व्यवस्थापकच म्हणाला, 'पत्रं आली होती, पुढच्या वर्षी बघणार होतो.' आमची एक सभासद तेव्हा वाचनालयात ती बातमी वाचत होती. (कोण ते सांगणार नाही, सभासदाचं वाचन गुप्त ठेवायचा आमचा नियम आहे.) तिने मला हाक मारली आणि म्हणाली, 'अरे, हे आत्ताच्या आत्ता छापून घे. दुपारपर्यंत राहायचं नाही.' मी छापून घेतलं, शिक्का मारला, वेळ घातली नऊ वाजून बेचाळीस मिनिटं. दुपारी चारला पुन्हा पाहिलं. लिंक तीच. तो परिच्छेद नाही. मथळा झाला होता 'मेकॅनिकच्या हलगर्जीपणाने अपघात'. सकाळी जिचं नाव खाली होतं त्या बातमीदार मुलीच्या जागी 'वृत्तसेवा' आली होती. इमारतीचा मालक हा दैनिकाचा सगळ्यात मोठा जाहिरातदार आहे, हा अर्थात निव्वळ योगायोग. मी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि खाली समीक्षा लिहिली: 'सकाळची बातमी एका परिच्छेदाने अधिक चांगली होती. तो परिच्छेद कोणाला दिसल्यास कळवावे.' या समीक्षेला भरपूर वाचक मिळाले. त्यानंतर बारा आठवड्यांनी तुमचा गठ्ठा आला.

त्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणतात. तुम्हीही म्हणता. एकोणीस वर्षं त्याने तुम्हाला वर नेलं आणि खाली आणलं. त्याला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. तीन पत्रं दिली होतीस तर पोच दाखव, असं त्याला विचारण्यात आलं. भाऊजी, तो माणूस दोर हातात धरून किती धागे तुटलेत ते सांगू शकतो, पण पत्राची पोच घ्यायची असते हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. त्याने पत्रं व्यवस्थापकाच्या हातात दिली आणि नमस्कार करून निघाला. व्यवस्थापक आता म्हणतो, कसली पत्रं? उस्तादने दैनिकाकडे ती सकाळची बातमी मागितली, तर लेखी उत्तर आलं की 'अशा स्वरूपाचा मजकूर आमच्याकडून कधीही प्रसिद्ध झालेला नाही.' माझं छापलेलं पान तो कामगार अधिकाऱ्यांकडे घेऊन गेला. तिथे मालकाचा माणूस म्हणाला, हे त्या ग्रंथपालाने घरी बसून बनवलं असेल, शिक्का काय कोणीही मारतो. पान माझ्याकडे परत आलं.

तेव्हापासून उस्ताद रोज सकाळी वाचनालयात येऊन बसतो. घरी नुसतं बसवत नाही म्हणतो. पहिल्या आठवड्यात त्याने आमचे पंखे दुरुस्त केले, मग नळ, मग कपाटांच्या बिजागऱ्या. दहा वर्षं कुरकुरणारं दार आता एवढं मुकाट उघडतं की कोण आलं ते कळत नाही. मागच्या गुरुवारी मी पाहिलं तर तो एक धडधाकट खुर्ची खोलून तिचे स्क्रू ओळीने मांडून बसला होता. हिला काय झालंय, मी विचारलं. काही नाही, म्हणाला, नुसती बघतोय. आणि पुन्हा जोडायला लागला. भाऊजी, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि मग इतका राग आला की मी टेबलावरची शाई सांडली.

असो. या राजीखुशीच्या पत्रात हे रडगाणं नको. नोटिशीकडे परत येतो. पहिल्या दिवशी मी फक्त चार पानं वाचली आणि घाबरून झोपलो. दुसऱ्या दिवशी परिशिष्ट चाळायला घेतलं. दोन पानं उलटल्यावर मला ओळखीचं काहीतरी दिसलं. पानाच्या तळाशी शिक्का होता, 'वाचून जागेवर ठेवावे'. आमचा! त्याखाली माझ्या हाताने लिहिलेली वेळ. त्याखाली 'बरी आहे'. म्हणजे तुमच्या अशिलाकडे स्वतःचे लेख नव्हतेच; काही विंचरण्यात गेले, बाकीचे पुढच्या रूपबदलात हसणाऱ्या बाईने खाल्ले. मग लेखांवर मालकी सांगायला पुरावा हवा म्हणून तुमच्या ऑफिसातल्या कोणीतरी ते सगळे माझ्याच वेबपानावरून छापून काढले. चारशे बारा लेख, पूर्णच्या पूर्ण, विनापरवाना. (माझ्या समीक्षांचा कॉपीराइट माझ्याकडे आहे असं मला वाटतं. पण मी नोटीस वगैरे पाठवणार नाही. आपल्या घरात एक वकील पुरे.)

मग मी कलम चार पुन्हा वाचलं. भाषा तुमची आहे, मी फक्त थोडा उतारा घेतो, रास्त वापर म्हणून: 'परिशिष्ट अ मधील सर्व लेख आमच्या अशिलाने मूळ स्वरूपात प्रसिद्ध केलेले असून त्यांतील शब्दन् शब्द आमच्या अशिलाचा आहे.' काय वाक्य आहे! ठसठशीत, निःसंदिग्ध. याच्याखाली मी समीक्षा लिहिली असती तर 'उत्तम' लिहिलं असतं, आणि ते मी आजवर कोणाबद्दलही लिहिलेलं नाही.

तर भाऊजी, मी शरण आलो आहे. लिहिणाऱ्याच्या कष्टावर दुसऱ्याने दुकान मांडू नये हे मलाही पटतं, आणि माझं दुकान नसलं तरी तुमच्याशी वाद घालायची माझी छाती नाही. मुदतीला अजून नऊ दिवस आहेत, पण मी आज सकाळीच चारशे बाराच्या चारशे बारा लेख वेबपानावरून काढून टाकले, छापलेल्या प्रती फाडल्या, आणि तसं लेखी देतो आहे. वाचनालयातलं ते कपाट आता रिकामं आहे. उस्तादने त्याचं कुलूप दुरुस्त केलंय. झाल्या अपराधाबद्दल क्षमा असावी. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. ताईला काही सांगू नका, तिला सगळं माहीत असतं.

आपला आज्ञाधारक,
सदर इसम

ता. क. – एक सांगायचं राहिलं. लिफ्टची सकाळची बातमी तुमच्या परिशिष्टात सदतीस क्रमांकाला आहे, दुपारची अडतीसला. मी माझी प्रत फाडल्यामुळे सकाळच्या बातमीची आता जगात एकच प्रत उरली आहे. ती तुम्ही पाठवलेली आहे, तिच्या उजव्या कोपऱ्यात तुमची सही आहे आणि कलम चारप्रमाणे तिच्यातला शब्दन् शब्द दैनिकाचा आहे. व्यवस्थापकाच्या तोंडचं वाक्य धरून.

आणखी ता. क. – ती प्रत माझ्याकडेही नाही. नोटिशीसकट सगळा गठ्ठा काल उस्तादने कामगार अधिकाऱ्यांकडे दाखल केला. सायकलवर मागे बांधून नेला, दोन ठिकाणी दोरी सुटली, पण दोऱ्यांचं त्याला कळतं. अधिकाऱ्यांनी सदतीस नंबर दोनदा वाचला. मालकाच्या माणसाने या खेपेला 'शिक्का काय कोणीही मारतो' असं म्हटलं नाही. नोटीस मागे घ्यायचा विचार मनात आला असेल तर आता त्रास घेऊ नका, आणि पोच मागू नका. उस्तादने घेतली आहे. (घ्यायला मी शिकवलं.)

तिसरं ता. क. – ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते हे. बावीस तारखेला सकाळी अकराला सुनावणी आहे. सह्या ज्याच्या आहेत त्याने समक्ष येऊन तसं सांगावं, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं आहे; समन्स तुम्हाला एक-दोन दिवसांत मिळेल. तुम्ही अशिलाच्या विरुद्ध काहीही बोलायचं नाही, कोणाची बाजू घ्यायची नाही, लेख वाचला होता की नाही हेही कोणी विचारणार नाही. फक्त 'होय, सही माझी' एवढं म्हणायचं. तीन शब्द. नाकारायचं असेल तर मात्र सहाशे तेवीस वेळा नाकारावं लागेल.

चौथं ता. क. – 'दुपारपर्यंत राहायचं नाही' असं म्हणणारी ती सभासद कोण, याचा विचार करत बसू नका. घरचा टॅब सकाळीच तुमच्याबरोबर ऑफिसात जातो, म्हणून ज्या बाईला बातम्या वाचायला वाचनालयात यावं लागतं, तिच्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. बावीस तारखेला ती पुढच्या रांगेत बसणार आहे. तिने सांगून ठेवलंय की रेघांचा शर्ट इस्त्री करून ठेवलाय, आणि हे चुकीचं काही बोलले तर किराण्याची यादी यापुढे यांनी स्वतःच लिहायची. मला ती म्हणाली की हे येतील आणि खरं तेच सांगतील, माणूस न वाचता सही करतो पण खोटी करत नाही. मलाही तसंच वाटतं.

शेवटचं ता. क. – कामगार अधिकाऱ्यांचं ऑफिस तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही. तुमच्या गुडघ्यांकडे बघून मुद्दाम चौकशी केली. उस्तादला विचारलं, परत घेतलं तर आधी काय करशील, तर म्हणाला, त्यांनी तसाच जोडून चालवलेला जुना दोर बदलीन आणि वकीलसाहेबांना पहिल्यांदा वर नेईन, ते जिन्यात टेकतात तेव्हा मला बघवत नाही. येताना माझी छत्री आणा. विसरलात तरी चालेल, पण या.